शेपटी हलवणारी निष्ठा

तो माझ्या खोलीत शिरला तो चुकूनच. संग्रहालयाच्या तळघरात मांजर अडकलं होतं, म्हणून जनावरांच्या डॉक्टरला बोलावलं होतं. त्याचा जिना चुकला आणि… समोर मी. हातात कापसाचा बोळा, टेबलावर साफसफाईला आलेलं जुनं चित्र. काळ्या कपड्यांतली बाई, पायाशी कुत्रा.

वाट विचारायचं सोडून तो चित्रावरच वाकला.

"याच्या डाव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे."

"अहो, तो नुसता कुत्रा नाही," मी म्हणाले. "अशा चित्रांत पायाशी कुत्रा म्हणजे निष्ठा. ही विधवा आहे. गेलेल्या नवऱ्याशी एकनिष्ठ."

"असेल. पण निष्ठेचं वय झालंय हो…"

मी हसले — आणि दचकले. माझा नवरा जाऊन चार वर्षं झाली होती. या खोलीत मी पहिल्यांदाच हसत होते.

मांजर त्याच दिवशी सुटलं, तरी दर मंगळवारी तो दारात हजर. "मांजर काय म्हणतंय?" गप्पांत मी त्याला नवऱ्याबद्दलही सांगितलं. डॉक्टरच्या बाहीला औषधाचा वास यायचा. मला तो वास आवडू लागला… आणि एका मंगळवारी मी आतून कडी लावली. त्याने दोनदा टकटक केली. मग पावलं जिना उतरून गेली.

त्याच आठवड्यात चित्रावरचा जुन्या वार्निशचा पिवळा थर निघाला. खाली कुत्र्याची शेपटी — पुसट, फराटे ओढल्यासारखी. रंग बिघडला की काय? न राहवून मीच त्याला फोन केला.

तो आला. कडीबद्दल चकार शब्द काढला नाही. थेट शेपटीवर वाकला.

"बिघडलेली नाही. हलतेय ती. कान बघा ना… समोर ओळखीचं माणूस आहे. लाडकं."

"समोर तर चित्रकार असणार."

"मग तो रोज येत असेल," तो हळूच म्हणाला.

मी बाईच्या चेहऱ्याकडे पाहिलं. इतके दिवस मी तिला दुःखी समजत होते.

"तुमच्या मिस्टरांना विसरा असं मी कधीच म्हणणार नाही," तो म्हणाला. "पण मला तुमच्यासोबत राहायचंय."

मी बोळा खाली ठेवला. "मलाही… पण घरी सासूबाई आहेत. त्यांचा मुलगा होता तो."

संध्याकाळी सासूबाईंना सगळं सांगितलं. त्या मुलाच्या फोटोसमोर बसून रडल्या. मीही रडले. मग चष्मा पुसत म्हणाल्या,

"रविवारी घेऊन ये त्याला. मला बघायचाय."