नऊ मिनिटांची मोटारसायकल

“आत्या, तू मोटारसायकल चालवायची का सोडलीस?”

टिटवीने प्रश्न विचारला आणि सावधपणे एक पाऊल मागे घेतलं. खिडकीबाहेर तिचे मित्र, लंबू आणि ढापणी, कान टवकारून उभे होते. पैज त्यांनीच लावली होती. मागच्या शेडमध्ये चादरीखाली एक मोटारसायकल एकोणीस वर्षं उभी आहे आणि ती आत्याची आहे, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. तिच्याबद्दल बोलायचं नसतं, हेही सगळ्यांना माहीत होतं. म्हणून तर पैज!

टिटवीने नुकतीच आठवीची परीक्षा दिली होती. गेल्या वर्षीपर्यंत हजेरीला ‘हजर’ म्हणतानाही तिचा आवाज घशात अडकायचा. मग शाळेच्या नाटकात आयत्या वेळी आजारी पडलेल्या मुलीचं काम तिच्या गळ्यात पडलं, सभागृह टाळ्यांनी दणाणलं, आणि तेव्हा जे तोंड उघडलं ते आजतागायत मिटलं नव्हतं. नाव तेव्हाच पडलं.

आत्याने हातातलं शिवण खाली ठेवलं.

“एकोणीस वर्षांत हे विचारणारी तू पहिली,” ती म्हणाली. “बाकी सगळ्यांनी मला नुसतं सांगितलं, की आता पुरे.”

मग तिने सगळं सांगितलं. ती परिचारिका होती. लांबलांबच्या वस्त्यांवर, बाळंतिणींकडे, म्हाताऱ्यांकडे त्या मोटारसायकलवरून जायची. गाडी दणकट, पण दिवा काजव्यासारखा मिणमिणता. एका संध्याकाळी रस्त्यावर ओतलेला खडीचा ढीग तिला दिसलाच नाही. खांद्याचं हाड मोडलं. धाकट्या भावाने, म्हणजे टिटवीच्या बाबांनी, गाडी शेडमध्ये ढकलली आणि वर चादर टाकली. बरी होईपर्यंत, म्हणाले. हाड तीन महिन्यांत जुळलं. तोवर तिला गावातल्याच रुग्णालयात नेमणूक मिळाली होती, आणि चादर तशीच राहिली.

“आणि आता गंमत बघ,” आत्या म्हणाली, पण तिच्या चेहऱ्यावर गंमत नव्हती. निवृत्त होऊन तिला वर्ष झालं होतं. टेकडीपलीकडच्या दवाखान्यातल्या डॉक्टरीणबाई तिला आठवड्यातून तीन दिवस या म्हणून मागे लागल्या होत्या. तिकडे बस जात नव्हती. या महिन्याच्या शेवटच्या शनिवारपर्यंत त्यांना उत्तर हवं होतं, नाहीतर त्या दुसऱ्या कोणालातरी घेणार होत्या.

“तुला जायचंय?” टिटवीने विचारलं.

“मला?” आत्या खिडकीकडे बघत म्हणाली, “मला रोज सकाळी उठून कुठेतरी कोणाच्या तरी उपयोगी पडायचंय, ग.”

खिडकीबाहेर ढापणीने बोटांवर दिवस मोजले. तेवीस होते.

गाडी दुरुस्त करू द्यायला बाबांना पटवण्यात दोन जेवणं खर्ची पडली. पहिल्या जेवणात ते ‘नाही’ म्हणाले. दुसऱ्या जेवणात आईने, भात वाढता वाढता, ताईंना तुम्ही परत कुठे कुठे जायला मनाई करणार आहात त्याची एकदाच यादी करा, असं अगदी गोड आवाजात सुचवलं. बाबांनी मग अट घातली. शेवटच्या शनिवारी सकाळी गाडीने टेकडीपलीकडच्या दवाखान्यापर्यंत जाऊन, मध्ये कुठेही बंद न पडता घरी परत यायचं. जमलं तर गाडी आत्याची. नाही जमलं तर दुपारी भंगारवाला येणार आणि हा विषय कायमचा बंद.

“आणि रंग मी देणार,” ते म्हणाले. रंगकाम हा त्यांचा एकुलता एक शौक. एका मोठ्या डब्यातल्या गडद हिरव्या रंगाने त्यांनी आजवर स्टूल, टपालपेटी, कुंड्या आणि एकदा चुकून लंबूची चप्पल रंगवली होती.

कोपऱ्यावरच्या गॅरेजचे मिस्त्री मदतीला तयार झाले. ते फारसं बोलत नसत. त्यांचा नियम एकच होता. कुठलाही भाग काढण्याआधी त्याचं चित्र काढायचं, आणि काढल्यावर त्याचे नट-बोल्ट अंड्यांच्या ट्रेमधल्या नंबर घातलेल्या खळग्यांत ठेवायचे. चित्र नाही तर पाना नाही. चित्रं काढायला ढापणी बसली. तिचा चष्मा जाड असला तरी तिच्या नजरेतून वॉशरसुद्धा सुटत नसे. लंबूचे हात लांब, त्यामुळे इंजिनामागच्या अडचणीच्या जागा त्याच्याकडे आल्या. टिटवी सगळीकडेच होती.

एअर फिल्टरमध्ये उंदराचं घरटं निघालं, त्यात आत्याच्या जुन्या हातमोज्याचं अर्धं बोट होतं. टाकीच्या आतला गंज काढायला त्यांनी मूठभर नट आणि साखळीचा तुकडा आत टाकून ती दोन तास आळीपाळीने हलवली. शेजारच्या काकू येऊन विचारून गेल्या, की हे संगीत अजून किती दिवस चालणार आहे.

मग गाडीचं जुनं रूप तसंच ठेवायचं आणि आत नवं घालायचं, असं काम सुरू झालं. सहा व्होल्टची वायरिंग जाऊन बारा व्होल्टची आली. ठिणगी पाडणाऱ्या जुन्या पॉइंटच्या जागी इलेक्ट्रॉनिक इग्निशन बसलं. इंडिकेटर मुळात नव्हतेच, आत्या हात दाखवून वळायची, ते चारही लागले. आणि पुढे एलईडीचा दिवा. तो पहिल्यांदा लावला तेव्हा शेडची समोरची भिंत लख्ख उजळली, आणि आत्या तिथे उभी राहून त्या भिंतीकडे इतका वेळ बघत राहिली, की लंबूने हळूच मान फिरवली आणि उगाच पाना पुसायला घेतला.

शनिवारला पाच दिवस उरले असताना आत्याने हेल्मेट चढवलं आणि किक मारली. तिसऱ्या किकला गाडी बोलायला लागली. जवळच्या मैदानाला आत्या फेऱ्या मारू लागली आणि तिघं नाचू लागले.

नऊ मिनिटांनी गाडी खोकली, आचके दिले आणि बंद पडली.

पेट्रोल संपलं असेल म्हणून त्यांनी टाकीचं झाकण उघडून बघितलं. अर्धी टाकी भरलेली. किक मारली, तर सुरू! आणि पुन्हा नऊ मिनिटांनी बंद. मिस्त्रींना बोलावलं. त्यांनी सवयीने आधी झाकण उघडून पेट्रोल बघितलं, मग गाडी सुरू करून पाच मिनिटं इंजिन ऐकलं. त्यांच्यासमोर गाडी शहाण्या मुलासारखी वागली. ते गेले आणि ती पडली बंद.

“हिला आपला राग आलाय,” लंबू म्हणाला.

मिस्त्रींनी कार्बोरेटर दोनदा खोलून साफ केला. प्लग बदलला. गुरुवारी त्यांनी डोकं खाजवत सांगितलं, की बहुतेक इंजिन आतून झिजलंय, ते पूर्ण उघडावं लागेल, आणि त्याला महिना जाईल. बाबांनी टिटवीच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, की तुम्ही खूप केलंत, पण इंजिनाचं आयुष्यच संपलं असेल तर कोण काय करणार. ते हे इतक्या मायेने म्हणाले, की तिला त्यांच्यावर धड चिडताही येईना. आत जाऊन त्यांनी भंगारवाल्याला फोन केला. आत्याने शेडमधली चादर झटकून घडी घातली.

शुक्रवारी सकाळी ढापणीने वही उघडली. प्रत्येक फेरीची वेळ तिने लिहून ठेवली होती.

“एक विचित्र आहे,” ती म्हणाली. “अर्धी टाकी असली की नऊ मिनिटं चालते. काल आपण काठोकाठ भरली, तर चारच मिनिटं चालली. पेट्रोल जास्त तर गाडी कमी! उलटं नको का?”

तिघांनी डोकी खाजवली. काहीच सुचेना. तेवढ्यात आईने टिटवीला हाक मारली, तेलाचा नवा डबा फोडून बरणीत ओत म्हणाली. टिटवी पाय आपटत आत गेली. डब्याला स्क्रूड्रायव्हरने एक भोक पाडलं आणि डबा तिरका केला. तेलाची धार आली, बारीक झाली आणि थांबली. तिने डबा हलवला. गुडुक करून चमचाभर तेल पडलं आणि पुन्हा थांबलं.

“दुसरं भोक कोण पाडणार?” आई कणीक मळता मळता म्हणाली. “हवा आत गेल्याशिवाय तेल बाहेर कसं येईल?”

टिटवीने दुसरं भोक पाडलं. धार सुरळीत वाहू लागली. ती त्या धारेकडे बघत राहिली. मग बरणी भरून वाहायला लागल्याचं आईने ओरडून सांगितलं, तेव्हा ती तेलकट हातांनीच बाहेर पळाली.

“झाकण!” ती धापा टाकत म्हणाली. “आपण झाकण उघडलं की गाडी चालते. मिस्त्री झाकण उघडतात म्हणून त्यांच्यासमोर चालते. टाकीत हवाच जात नाहीये. आणि टाकी भरलेली असली की आत हवा मुळातच कमी, म्हणून लवकर बंद पडते.”

ढापणीने झाकण डोळ्यांजवळ धरलं. वरून गुळगुळीत, हिरवंगार, चकचकीत. तिने पहिल्या दिवशी काढलेलं चित्र उघडलं. चित्रातल्या झाकणाच्या मधोमध टाचणीच्या डोक्याएवढा एक ठिपका होता, आणि ढापणी नसलेले ठिपके काढणारी मुलगी नव्हती.

ठिपका गेला कुठे, ते शोधायला लंबूला पाठवलं, कारण त्याचा चेहरा जन्मजात निरागस होता. बाबा अंगणात कुंडी रंगवत होते.

“काका, टाकीचं झाकण इतकं गुळगुळीत कसं केलंत हो? आमच्या सायकलला मला कधी जमलं नाही.”

बाबा खुलले. त्यांनी ब्रश बाजूला ठेवून सविस्तर सांगितलं. झाकण गंजलं होतं, मधोमध तर चक्क भोकच पडलं होतं. त्यात लांबी, म्हणजे पुट्टी, दाबून भरली, ती वाळल्यावर बारीक सँडपेपरने घासली, आणि वर रंगाचे तीन हात. आता त्यातून पावसाचा थेंब आत जायची टाप नाही.

“हवासुद्धा नाही जाणार,” लंबू म्हणाला.

“हवासुद्धा नाही,” बाबा अभिमानाने म्हणाले.

टिटवीने सुई तापवून लांबी टोकरून काढली. आत्याने मैदानाला फेऱ्या मारल्या. नऊ मिनिटं झाली. दहा झाली. ढापणी वेळ लिहायची विसरली. पंचेचाळीस मिनिटांनी आत्या थांबली, ती फक्त तहान लागली म्हणून.

शनिवारी सकाळी ती टेकडीकडे गेली, तेव्हा फाटकाशी सगळेच जमले होते. बाबा बसायला तयार नव्हते. दर मिनिटाला रस्त्याकडे बघत होते, आणि टिटवीच्या लक्षात आलं, की गाडी बंद पडेल याची त्यांना काळजी नव्हती, काळजी वेगळीच होती. एकोणीस वर्षांपूर्वी रुग्णालयातून फोन आला तेव्हाही ते असेच फाटकाशी उभे असणार. तिला एकदम त्यांचा हात धरावासा वाटला, आणि तिने धरला.

दीड तासाने इंजिनाचा आवाज आधी आला, मग आत्या आली. हेल्मेट काढताना तिचे केस सगळे विस्कटले होते. डॉक्टरीणबाईंना हो सांगून आले, म्हणाली.

बाबांनी डोळे पुसले आणि घाईघाईने मिस्त्रींना विचारलं, की दोष नेमका होता तरी कुठे. मिस्त्रींनी टिटवीकडे बोट केलं. टिटवीने बाबांना जरा बाजूला घेतलं आणि हळू आवाजात सगळं सांगितलं. ऐकता ऐकता त्यांचा चेहरा झाकणासारखाच हिरवा झाला. मग ते स्वतःच सगळ्यांसमोर आले.

“ताई, तुझी गाडी मीच बंद पाडत होतो,” ते म्हणाले. “तेव्हाही आणि आत्ताही. पोरांनी उघडली. त्यांचे आभार मान, आणि मला काय बोलायचं ते बोल.”

आत्याने त्यांच्या नाकावरचा रंगाचा डाग पदराने पुसला, लहानपणी पुसायची तसा. मग लंबू आणि ढापणीला तिने एकदमच कवेत घेतलं. मिस्त्री म्हणाले, की या पोरांनी वेळ लिहून ठेवली नसती तर आपण एक चांगलं इंजिन विनाकारण उघडून ठेवलं असतं, आणि चाळीस वर्षांच्या कामात हे कबूल करायची वेळ पहिल्यांदाच येतेय. ढापणी लाजून चष्मा पुसत राहिली.

टिटवीजवळ आत्या शेवटी आली. तिने नुसता तिचा चेहरा दोन्ही हातांत धरला. तिच्या हातांना पेट्रोलचा वास येत होता. एवढं कोणीतरी आपल्यावर खूश असावं आणि तेही आपल्याला इतकं आवडणारं माणूस, याबद्दल नेमकं कोणाचे आभार मानायचे तेच टिटवीला कळेना. आईचे, डब्याचे, की खिडकीबाहेरच्या दोघांचे?

जेवताना बाबा पुन्हा सुरू झाले. टेकडीचा रस्ता वळणांचा आहे, ताई इतक्या वर्षांनी एकटी जाणार, पहिले काही दिवस मी मागून गाडी घेऊन येऊ का, वगैरे. आत्या ताटाकडे बघून हसू दाबत होती. आई काहीतरी बोलणार, तेवढ्यात टिटवीने पाण्याचा पेला खाली ठेवला.

“आई, बाबा, ऐका. सोमवारी आत्या एकटी जाणार नाहीये. शाळा सुरू होईपर्यंत मी तिच्या मागे बसणार आहे, हेल्मेट घालून आणि पान्यांची पिशवी मांडीवर घेऊन. दवाखान्यात तिला मदतही करणार आहे. मी आत्याशी बोलले आहे, तिने फोन करून विचारलं तेव्हा डॉक्टरीणबाईही हो म्हणाल्या आहेत. मी हे विचारत नाहीये, तुम्हाला सांगतेय.”