दुखण्याला साक्षीदार

संशय पहिला

त्याच्या हातातून व्यायामाचा रबरी पट्टा सुटला आणि सणकन माझ्या कानावर बसला.

"सॉरी, सॉरी! खांद्यात जोरच नाहीये हो..."

जोर नाही? माझा कान लालबुंद झाला होता.

मी विमा कंपनीत दावे तपासते. दिवसभर लोकांची दुखणी वाचायची आणि त्यात खरं किती, बनाव किती ते शोधायचं. त्यामुळे हा माणूस मी पहिल्याच मिनिटाला संशयाच्या यादीत टाकला.

तो रंगारी. छतं रंगवून रंगवून उजवा खांदा धरलेला. मी घोटा मुरगळलेली. दहा किलोमीटरच्या शर्यतीची तयारी करत होते आणि दुसऱ्याच आठवड्यात फुटपाथच्या कडेवरून पाय घसरला. "किरकोळ आहे, तीन आठवड्यांत पळशील," फिजिओमॅडम म्हणाल्या. शर्यतीला दोन महिने होते.

घरी दादा म्हणाला, "सरड्याची धाव कुंपणापर्यंत."

याच शर्यतीत मी आधी दोनदा नाव दिलं होतं. दोन्ही वेळा घरीच बसले. दादाचं चुकत नव्हतं, म्हणून तर ते लागलं. या वेळीही पळाले नाही, तर पुन्हा कधी नाव देणार नाही, हे मला पक्कं ठाऊक होतं.

संशय तिसरा

(दुसरा मागाहून सांगते. तो जरा अवघड आहे.)

मॅडमचा नियम असा, की घरी केलेल्या व्यायामाच्या तक्त्यावर रोज साक्षीदाराची सही हवी. माझी साक्षीदार वहिनी. तिने भांडी घासता घासता आठवड्याच्या सह्या एका दमात ठोकल्या.

"सात दिवस एकच पेन आणि सातही दिवस ओला अंगठा?" मॅडमनी तक्ता उजेडात धरला. "आणि विम्यात असतेस ना गं तू? उद्यापासून इथे येऊन करायचं. साक्षीदार... अहो रंगारी, तुम्ही! तिची सही तुम्ही करा, तुमची ती करेल."

म्हणून रोज संध्याकाळी सहाला, मलमाच्या वासाच्या त्या पहिल्या मजल्यावरच्या खोलीत, आम्ही समोरासमोर. मी एका पायावर तोल सांभाळत. तो भिंतीवर बोटं चालवत हात वर नेत.

"अठरा," तो म्हणाला.

"वीस झाले."

"दोनदा कपाट धरलंत."

"बघत होतात?"

"साक्षीदार आहे... बघावंच लागतं."

मीही बघत होते. हात कानापर्यंत गेला की तो तोंड वाकडं करायचा. "आई गं... इथवरच."

पण त्याच्या पापणीवर पांढऱ्या रंगाचा ताजा ठिपका होता. कपाळावर आणखी तीन. भिंत रंगवणाऱ्याच्या मनगटावर रंग येतो. पापणीवर येतो तो छत रंगवणाऱ्याच्या. आणि ज्याचा हात कानाच्या वर जात नाही, तो छत कसं रंगवतो?

संशय चौथा, पाचवा, सहावा

माझ्या आधी दहा मिनिटं येऊन बसतो.

खिडकीजवळचं बाक अडवतो आणि मी आले की "इथे फार उकडतं" म्हणून उठतो. पंखा नेमका त्याच बाकाच्या वर आहे.

हसला की छान दिसतो... हा संशय नाही. खोडते.

पुरावा

सोमवारी त्याला उशीर झाला. मी मॅडमना सहज विचारल्यासारखं विचारलं, "यांचा खांदा कधी बरा होणार हो?"

"त्याला तर मी पंधरा दिवसांपूर्वीच सोडलं. म्हणाला, साक्षीदार म्हणून येऊ का? म्हटलं ये. तो कण्हतो का अजून?"

जिन्यातच गाठलं त्याला.

"खांदा बरा आहे तुमचा."

"हो."

इतक्या सरळ उत्तराची मला सवय नाही. आमच्याकडे लोक आधी चिडतात.

"मग ते आई गं कशासाठी?"

तो कठड्याला टेकला. "आधी मला सांगा, तुमचा पाय कोणता मुरगळला?"

"उजवा."

"मंगळवारी डावा लंगडत होतात."

संशय दुसरा

आता सांगायलाच हवा. तो माझ्यावरच होता.

दहा दिवस झाले, घोटा दुखत नव्हता. रोज सकाळी मी तो दाबून बघायची, आणि दुखला नाही की आणखी जोरात दाबायची. दुखत नाही म्हणजे पळायला हवं. पळाले म्हणजे कळणार, आपल्याच्यानं होतं की नाही... त्यापेक्षा लंगडणं सोपं. लंगडणाऱ्याला कुणी पळ म्हणत नाही. मॅडमही म्हणायच्या, असेल बाई, कुणाला वेळ लागतो.

पण शेकडो बनाव पकडलेल्या मला साधा पाय लक्षात ठेवता येऊ नये!

"मॅडमना बोललात?"

"नाही."

"का? दया आली?"

"स्वार्थ हो, नुसता स्वार्थ." त्याचे कान लाल झाले. "तुम्ही बऱ्या झालात की सहा वाजता मी कुठे जाणार? मला सोडलं त्या दिवशी घरी गेलो, तर आई म्हणाली, कोण वारलं? म्हटलं, खांदा बरा झाला. तिने कपाळाला हात लावून ताप बघितला."

मला हसू आलं. दाबलं.

"पण चुकलंच माझं," तो म्हणाला. "शर्यत तीन आठवड्यांवर आली. मी गप्प बसलो तर तुम्ही रोज दिसाल आणि शर्यत तेवढी जाईल. उद्या सकाळी मैदानावर या. पळा. मग नाही भेटलात तरी चालेल."

तो दोन पायऱ्या उतरला. थांबला.

"चालणार नाही... पण या."

मैदान

गवत ओलं होतं. तो रंगाचे डाग पडलेल्या पँटमध्येच आला होता.

"तुम्हीही पळणार?"

"साथ द्यायला नको?"

अर्ध्या फेरीत तो कमरेत वाकला. "बरगडीखाली... कळ..."

"नाटक?"

"या वेळी... खरंच..."

मी निरखून पाहिलं. हात योग्य जागी होता. घाम खरा होता, श्वास खरा होता. शोधून शोधून काही सापडेना.

"तू थांबू नकोस," तो म्हणाला. कधी 'तू' म्हणाला, त्याचं त्यालाही कळलं नसावं. "जा. मी आहे इथे."

असं सगळेच म्हणतात.

पहिल्या वळणावर मी मागे पाहिलं. होता. गवतात बसून धापा टाकत होता.

दुसऱ्या फेरीला घोट्यात काहीतरी हललं. मी घाबरून पाऊल हलकं टाकलं, मग जरा जोरात. काही नाही. फक्त पाय होता. मागे पाहिलं. होता.

तिसऱ्या फेरीला दम लागला, डोळ्यांत घाम गेला, तरी मान वळलीच. होता. बोटांवर माझ्या फेऱ्या मोजत होता.

चौथ्या फेरीला मी मागे पाहिलं नाही.