भिंतीतली माणसं

भर दुपारी रेणुकादास सरांनी आपल्याच क्लासची भिंत पहारीने फोडायला घेतली. "आत माणसं आहेत! माती काढा!" ते ओरडत होते. पोरं दप्तरं टाकून पळाली.

भूकंपाला पाच वर्षं झाली होती. सरांची बहीण किल्लारीकडे ढिगाऱ्याखाली गेली, हे सगळ्या लातूरला ठाऊक. सरांचं डोकं फिरलं, असं लोकांनी ठरवूनच टाकलं.

तासाभरात हवालदार व्यंकट रजिया अत्तारच्या जडीबुटीच्या दुकानात आला. क्लासात काम बघणारा सरांचा पुतण्या राघवेंद्र याची तक्रार होती की रजियाच्या चूर्णानेच काका बिघडले.

रजियाने हातातला तराजू खाली ठेवला. सरांना कंपवात होता, हात सतत थरथरत. डॉक्टरांना विचारूनच ती त्यावर खाजकुहिलीच्या बियांचं चूर्ण देई. सकाळी एक पुडी, जास्त नाही. आता दुकानाला सील लागलं, तर तिच्या हातची सुंठसुद्धा कुणी घेणार नव्हतं. आणि तिला दहावीचं गणित शिकवणारे सर वेडे ठरणार होते.

"आधी मला सरांकडं न्या," ती म्हणाली.

सर घरी खाटेवर होते, उशाशी राघवेंद्र उभा होता. हात थरथरत नव्हते, नुसते वळवळत होते. रजियाने ते ओळखलं. मात्रा वाढली की असं होतं, नसलेलं दिसतं, असं डॉक्टरांनी तिला बजावलं होतं.

"बाई, रोज किती पुड्या?" तिने सरांच्या पत्नीला, प्रमोदिनीबाईंना विचारलं.

"एकच गं. मीच देते."

व्यंकटने सहा रिकाम्या पुड्या टेबलावर टाकल्या. "ह्या क्लासात घावल्या."

गोलाई बाजारातले निम्मे दुकानदार क्लासच्या रद्दीत माल बांधत, रजियासुद्धा. घडी हुबेहूब तिचीच होती. एका कागदावर छापलं होतं, 'चाचणी ९'.

"आता बोल की!" राघवेंद्र गुरकावला.

"तुम्ही सरांना कधी पुडी दिली?"

"मी हात बी लावत न्हाई. रविवारच्या पेपरातून सवड कुठं हाय मला?"

"पेपर कुणी काढला?"

"मीच. छापून कपाटात ठेवलाय. किल्ली माझ्याकडंच."

"कितवी चाचणी?"

"नववी," तो बोलून गेला, आणि त्याचं तोंड पांढरं पडलं.

रजियाने तो कागद व्यंकटपुढे धरला. "साहेब, चाचणी झाल्यावर पेपर रद्दीत जातो, मग माझ्याकडं येतो. ही चाचणी तर अजून व्हायचीच हाय. ह्यांनी दुसरीकडून चूर्ण आणलं, काकाला क्लासात जास्तीचं पाजलं. आळ माझ्यावर यावा म्हणून माझ्यासारखी पुडी बांधली. पण कागद घेतला कपाटातला."

"म्हणून डॉक्टरांकडं ह्यांच्या वेडाचा दाखला मागत होतास?" प्रमोदिनीबाईंचा आवाज फाटला. "ते क्लास तुझ्या नावावर करत नव्हते म्हणून?"

राघवेंद्र दाराकडे वळला. दारात व्यंकट उभा होता.

डॉक्टरांनी चूर्ण बंद केलं. चौथ्या दिवशी रजिया भेटायला गेली तेव्हा सर शुद्धीवर होते, हातांची थरथर परत आली होती.

"भिंतीत कुणी नाही ना गं?"

"न्हाई, सर."

सरांनी खाटेशेजारच्या भिंतीवरून हात फिरवला.

"बहीण दिसायची. रोज पाणी मागायची," ते म्हणाले आणि रडू लागले. "आज मी तांब्या भरून ठेवला, तर आली नाही."