तिसरी चकती

वीज गेली ते बरंच झालं, नाहीतर हे उजेडात सांगवलं नसतं. कंदील जरा पुढे घे आणि चहा गार करू नकोस. त्या डोंगरावर काय झालं होतं हे एवढ्या वर्षांनी तुला आजच का विचारावंसं वाटलं, ते नंतर सांग. मावशीला आधी बोलू दे.

माझा आणि तुझ्या बाबांचा छंद तुला ठाऊकच आहे. जुन्या मोजणीवाल्यांनी डोंगरमाथ्यांवर, पुलांच्या कठड्यांत पितळी चकत्या बसवून ठेवल्यात. त्या शोधायच्या, फोटो काढायचा, छंदवाल्यांच्या वेबसाइटवर नोंद करायची. मिळायचं काय? काही नाही! तुझी आई म्हणायची, हे विकतचं दुखणं आहे. असेल बाई. पण दिवसभर दुकानात लोकांच्या चष्म्याच्या काड्या सरळ केल्यावर, गवतात हात घालावा आणि तळव्याला ती गार चकती लागावी... आपल्याआधी इथे कुणीतरी मन लावून काम करून गेलंय, एवढ्यानेही मला बरं वाटायचं.

मुख्य खूण हरवू नये म्हणून तिच्याभोवती तीन साक्षीदार चकत्या बसवतात. प्रत्येकीवर एक बाण असतो, मुख्य खुणेकडे रोखलेला. तिन्ही साक्षी मिळाल्या की जागा पक्की. एवढं ध्यानात ठेव.

त्या डोंगरावर निघालो तेव्हा भावोजींचं हृदयाचं ऑपरेशन होऊन थोडेच महिने झाले होते. निघताना ताईने माझा हात घट्ट धरला. "जसे नेतेयस तसे आणून दे गं," म्हणाली. मी हो म्हटलं.

माथ्यावर पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. तिन्ही साक्षी सापडल्या, पण बाण जिथे जुळत होते तिथे नुसतं भोक. मुख्य चकती कुणीतरी उपटून नेली होती. अशा वेळी 'सापडली नाही' असं लिहायचं आणि मुकाट खाली यायचं.

पण तुझे बाबा! "एवढा धापा टाकत आलो तो हात हलवत परत जायला?" म्हणाले आणि त्या भोकावर पाय जोडून उभे राहिले. "मेहुणीबाई, काढा फोटो. आजपासून खूण मीच!"

मी हसले आणि फोटो काढला. आमच्या छंदातले जुने लोक हरवलेल्या खुणेच्या जागी माणसाला उभं राहू देत नाहीत. का, ते कुणी सांगत नाही, म्हणून आम्हीही ते कधी मनावर घेतलं नव्हतं.

उतरताना धुकं आलं. ओल्या गवताचा वास, आणि त्यात पितळेची भांडी घासताना येतो तसला आंबूस वास. भावोजी दम खायला बसले आणि मला समोरच्या कातळात एक चकती दिसली. येताना तिथे काही नव्हतं. बाण त्यांच्याकडे होता. पुढच्या वळणावर आणखी एक. तिचाही बाण त्यांच्याकडेच.

"भावोजी, जरा त्या झाडाखाली उभे राहता?"

"कशाला? पुन्हा फोटो?"

"हो... तसंच समजा."

ते सरकले. मी चकतीवर तळहात ठेवला होता. हाताखाली काहीतरी हलकेच सरकलं. हात उचलून पाहते तर बाण झाडाकडे!

माझी पाचावर धारण बसली. भावोजींनी छातीवर हात दाबला होता. "पाय... उचलवत नाहीयेत हो... कुणीतरी धरल्यासारखं..."

दोन साक्षी झाल्या होत्या. मी त्यांना बसवलं आणि धावत परत माथा गाठला. त्या भोकावर पाय जोडून उभी राहिले आणि मोठ्याने म्हणाले, "खूण मी आहे. त्यांना घरी जाऊ दे." कुणाला म्हणाले, ते विचारू नकोस. पायाखाली दगडात, घट्ट बरणीचं झाकण फिरावं तसा आवाज झाला.

खाली आले तर भावोजी कपडे झटकत उभे. "कुठे गडप झाला होतात? भुकेने जीव चाललाय इथे!" माझा जीव भांड्यात पडला. ताईला तिचा माणूस जसाच्या तसा आणून दिला.

पुढे एक चकती माझ्या दुकानाच्या उंबऱ्यात आली. दुसरी या जिन्याच्या पायरीत. मी जाईन तिकडे बाण वळतात. मघाशी जिन्यातली फाटकाकडे वळली होती. मी तुला घ्यायला तिथेच आले होते ना. रोज झोपण्याआधी सगळ्या घराची फरशी हाताने चाचपते. भीती वाटते रे, खोटं कशाला बोलू? पण भावोजी तुझ्या लेकीला खांद्यावर घेऊन दुकानावरून जातात, तेव्हा वाटतं, सौदा महाग नाही पडला.

फक्त तू त्या डोंगराकडे फिरकू नकोस. या मावशीची दया येऊनसुद्धा नको.

तू बुटाच्या टोकाने खाली काय चाचपतोयस मघापासून?... गोल आहे? थांब. वाकू नकोस. कंदील मीच खाली आणते... आलीच म्हणायची तिसरी. घाबरू नकोस, ती माझी आहे. तू ऊठ आणि त्या दारापाशी जाऊन उभा राहा. हो, तिथेच.

अरे...

मी तर इथे आहे. बाण दाराकडे कसा वळला?

हा पितळेचा वास तू आल्यापासून येतोय... बाळा, खरं सांग. आजच का विचारायला आलास?