वितळलेला कप्पा

डॉ. शालन कोल्हापुरात राजारामपुरीतल्या श्रुतीच्या कचेरीत शिरल्या त्या उभ्याउभ्याच बोलू लागल्या.

"रात्री कुणीतरी माझ्या डीप फ्रीजरचा प्लग काढला. उद्या निधी ठरवायला दिल्लीची समिती येतेय. आजच छडा लागला पाहिजे."

खासगी तपासाची कामं घेणाऱ्या श्रुतीनं पर्स उचलली. तिचे सहकारी, निवृत्त हवालदार पिराजी, घाईघाईनं मागोमाग रिक्षात बसले.

उचगावजवळच्या शालनबाईंच्या संशोधन संस्थेत एकेकाळी जीवशास्त्राचा दबदबा होता. मग सरकारी निधी वर्षागणिक संगणक आणि कृत्रिम बुद्धिमत्तेकडं वळत गेला. आता सगळी भिस्त एकाच शोधावर होती. उसाची कूज रोखणारे जिवाणू बाईंच्या आदर्श नावाच्या विद्यार्थ्याला सापडले होते.

"समिती या वेळी नुसते कागद बघणार नाही," शालनबाई म्हणाल्या. "जिवाणू नेऊन स्वतः वाढवून बघणार. ते जमलं तर माझा जीवशास्त्र विभाग जगला."

"सकाळी काय पाहिलंत?"

"प्लग निघालेला. खालच्या कप्प्यातल्या नळ्या तर हाताला कोमट लागल्या. तेच ते जिवाणू. मी प्लग लावला आणि तडक तुमच्याकडं आले."

"आणि वरचे कप्पे?"

"माझा जन्मभराचा जिवाणूंचा संग्रह. बघायचा धीरच झाला नाही."

प्रयोगशाळेत पिराजींनी वरचा कप्पा ओढला आणि ते ओरडले, "आयला! बोट चिकटलं की!" कप्प्यावर बर्फाचा जाड, कोरडा थर होता. कप्प्यांवर नावं नव्हती, नुसते आकडे.

"हे आकडे कुणाला कळतात?" श्रुतीनं विचारलं.

"मला आणि आदर्शला."

संगणक विभागाचे डॉ. राजवीर चौकशीला सगळ्यांत आधी आले. "यांचा विभाग बुडाला तर निधी मलाच मिळणार, खरंय. म्हणून मी चोरासारखा प्लग काढीन?"

"हाच तो," पिराजी कुजबुजले.

तंत्रज्ञ स्नेहलची नोकरी निधीअभावी जाणार होती. काल ती बाईंशी कडाक्यानं भांडलीही होती. "राग हाय मला. पण कुठल्या कप्प्यात काय ठेवलंय, मला ठावं न्हाय."

शेवटी आदर्श आला. डोळे लाल. "समितीला कळवू का? आता तपासायला काही उरलंच नाही." पिराजींना पोराची दया आली. त्यांनी त्याला पाणी दिलं.

श्रुतीनं सगळ्यांना थांबवून घेतलं.

"फ्रीजर बंद पडून नळ्या कोमट झाल्या असत्या, तर वरचा बर्फ टिकलाच नसता. म्हणजे प्लग हा देखावा. एकच कप्पा बाई यायच्या जरा आधी बाहेर काढून गरम पाण्यात धरला आणि परत ठेवला. विभागच बुडवायचा असता, तर डॉक्टर राजवीरनी किंवा रागावलेल्या स्नेहलनी सगळंच वितळू दिलं असतं. इथं नेमके तपासणीला जाणारे जिवाणू मेले. आकडे जाणणारे दोघंच. बाईंनी ते मारले असते, तर मला बोलावलं नसतं."

पिराजी सावकाश आदर्शकडं वळले.

"मामा, याला विभाग बुडवायचा नव्हता," श्रुती म्हणाली. "तपासणी चुकवायची होती."

आदर्श बाईंकडं वळला. "प्रयोग एकदाच जमला, मॅडम. पुन्हा कधीच नाही. पण दरवर्षी निधी कापला जायचा, तुम्ही म्हणायच्या, काहीतरी मोठं दाखव. बाकीच्या प्रयोगांचे आकडे मी रचले."

"आणि माझा संग्रह?"

"त्याला हात लावायचा धीर झाला नाही."

शालनबाईंनी खुर्ची ओढून त्याला बसवलं. मग म्हणाल्या, "उद्या समितीपुढं तू बसायचं. शेजारी मी. हे सगळं आपण आधी सांगायचं."

"विभाग बंद पडंल की, बाई!" स्नेहल कळवळली.

"पडू दे. खोट्यावर मला तो चालवायचा नाही."

विभाग खरंच बंद पडला. आदर्शची पीएच.डी. रद्द झाली. शालनबाईंचा संग्रह मात्र राजवीरनी आपल्या विभागात हलवून घेतला. फ्रीजर उचलताना मदतीला आलेल्या पिराजींनी राजवीर यांची माफी मागितली.

"संशय आला होता होय?" राजवीर हसले. "जरा तिकडून धरा, हवालदार. जड आहे."