विमानाच्या शेपटीपाशी

यातलं अक्षरन् अक्षर खरं आहे. खोटं निघालं तर माझी कवळी थेम्समध्ये पडो.

माझी नात ईशिता मेडनहेडला सॉफ्टवेअरमध्ये. आठवडाभर पिचून निघायची, तरी शनिवारी मला घेऊन हौशी लोकांच्या एका शेडमध्ये जायची. तिथे नेव्हीचं शंभर वर्षांपूर्वीचं टेहळणी विमान पुन्हा बांधत होते. शत्रूची जहाजं हुडकणारं हे विमान स्वतःच्याच जहाजात मावेना, म्हणून पुढे त्याच्या पंखांना बिजागऱ्या आल्या. काम संपलं की पंख मागे दुमडायचे — दोन टोकांना दोघं, एकाच चालीनं, नाहीतर सांगाडा कुरकुरतो.

एकदा डावीकडे ईशिता, अन् उजवीकडे नवा गडी उभा राहिला. प्रज्ञेश. नागपूरचा, क्रॉयडनला नर्स, नाइट शिफ्ट करून थेट आलेला.

"जरा हळू चाला ना," तो पंखाआडून म्हणाला.

"हळूच चालतेय. तुम्हीच झोपेत चालताय."

"झोपेत असतो तर हे ओरडणं ऐकू आलं नसतं."

"मी ओरडते?"

"कोण जाणे... अजून दिसलात कुठे तुम्ही."

दोन्ही पंख शेपटीपाशी आले, आणि ही दोघं समोरासमोर. डोळ्यांखाली त्याच्या काळं, हिच्याही. हसायलासुद्धा वेळ लागला त्यांना.

मग दर शनिवारी तेच. पत्र्यावर भुरभुर पाऊस, माझ्या थर्मासमधला चहा... 'तुम्ही'चं 'तू' झालं, पण पुढचं कोणी बोलेना. दमलेली माणसं, सगळं पुढच्या वीकेंडवर ढकलायची.

अशात ईशिताची नोकरी गेली. दुसरी शोधायला व्हिसावर मुदत होती. "पण कोणासाठी शोधू, आजी?" म्हणाली, अन् सोमवारचं पुण्याचं तिकीट काढलं.

शेवटच्या शनिवारी पंख निम्म्यावरच अडले.

"चाल ना रे."

"पोचलो की तू जाणार."

"मग बोल काहीतरी. हात दुखतायत माझे."

मग म्हणाला, "ईशिता, आठवडाभर मी टेहळणीच करतो गं... शनिवार कुठे दिसतोय का, याची."

आधी तिचं पाऊल हललं. पंख शेपटीला लागले, तिनं कपाळ त्याच्या खांद्यावर टेकलं.

"तिकीट कॅन्सल करते. नोकरी शोधायला येशील?"

"झोप झाली की."

बरं, एक गोष्ट माझ्या पदरची. टेहळणीचं ते वाक्य मी घातलंय. तो नुसतं "नको ना जाऊस" म्हणाला, तेही इतकं हळू, की काय म्हणाला ते मला ईशिताला विचारावं लागलं.