एका चुलीवरची दोन माणसं

आमच्या सर्वेक्षणात दर चार वर्षांनी त्याच घरांत जायचं असतं. एका चुलीवर जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. जुन्या-नव्या नोंदी जुळल्या नाहीत की मला पाठवतात. पोथीचा रोजचा अध्याय आटोपून मी परभणीहून सकाळच्या गाडीनं चुडाव्याला उतरले.

बायनाबाई, वय सत्तर, विधवा, मूलबाळ नाही. तरी घरातल्या माणसांच्या यादीत दुसऱ्या क्रमांकावर मनकर्णा. पहिल्या फेरीत नात, वय सहा. दुसऱ्या फेरीत लेक, एकतीस. तिसऱ्या फेरीत बहीण, त्रेसष्ट.

पहिली नोंद माझीच. तेव्हा मी नवी होते. बायनाबाई श्रावणात मुक्यानं जेवायच्या. समोर दोन पानं वाढलेली, एक लहान. कुणाचं, विचारलं तर त्यांनी नुसती मान हलवली. मी घाईत नात लिहिली आणि माझ्या आजीचं नाव देऊन टाकलं. ते पान वारलेल्या मालकांचं होतं, हे शेजारणीकडून नंतर कळलं. खोडायचं राहून गेलं. पुढच्या दोन्ही फेऱ्यांना दुसरे लोक आले होते.

"बाई, मनकर्णा माझ्या चुकीनं लिहिली गेली. आज खोडते," मी म्हणाले.

"चूक कशाची, माय? तू लिहून गेलीस आन् दुसऱ्या दिशी ही दारात हुबी. एवढीशी." त्या हसल्या. "घर लय सुनं झाल्तं. मग मी तापानं पडले, तर लेकीवानी केलं तिनं. पुढं बोलायला कुणी न्हवतं, तवा बहीण झाली. तुजे लय उपकार हाईत."

बायनाबाई माझ्यासमोर बाजेवर, पाय जमिनीला टेकवून बसल्या होत्या. आत तव्यावरची भाकरी उलटल्याचा आवाज आला.

फोन वाजला. कार्यालयातले भागवत सर होते. "ताई, दुपारपर्यंत नातं जुळवा, नाहीतर नाव उडवा."

बायनाबाईंनी माझं मनगट धरलं. "उडवू नगंस. मला आता दिसंना, घास मोडवंना. ती गेली तर मला कोण हाय?"

"आता कोण लागते ती तुमची?"

उत्तर आतून आलं. म्हातारा, मऊ आवाज.

"बायने, जेवायला ये गं."

मी टॅबवर लिहिलं : आई. वय अंदाजे नव्वद.

नोंद लगेच स्वीकारली गेली. कुठलीच त्रुटी दाखवली नाही.

अंगावर काटा होता, तरी मी मनोमन हात जोडले. माझ्या हातून झालेल्या चुकीनं देवानं एक रिकामं घर भरलं होतं.

"लय बरं केलंस, ताई," बायनाबाई म्हणाल्या. आवाज बारीक, खुशीतला.

उंबऱ्यातून मी वळून पाहिलं.

बाजेच्या काठावर बसून त्या पाय हलवत होत्या. पाय जमिनीपर्यंत पोचत नव्हते.